सांकेतिक भाषा शिकायची? आधी नजर स्थिर करा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमच्या प्रेस शॉपमध्ये चौदा पॉवर प्रेस एकाच वेळी आपटत असतात. तिथे मी सुपरवायझर. शेजारी उभ्या माणसाला ‘डाय बदल’ एवढं सांगायचं तरी कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, शिफ्ट संपेपर्यंत घसा बसतो. त्याच शॉपमध्ये चौघे जण कर्णबधिर आहेत. मधून फोर्कलिफ्ट फिरत असताना ते या टोकापासून त्या टोकापर्यंत कालच्या मॅचपासून सासुरवाडीपर्यंत सगळं निवांत बोलतात. पहिले सहा महिने मी नुसता बघत होतो. मग शिकायला लागलो. त्याला आता तीन वर्षं झाली, आणि अजूनही ते चौघे आपसात वेगाने बोलायला लागले की माझी गाडी सिन्नर फाट्यालाच बंद पडते.

म्हणजे हा लेख तज्ज्ञाचा नाही. तुमच्या विंगमध्ये, कारखान्यात, दुकानात किंवा नात्यात कोणी कर्णबधिर आहे आणि सुरुवात कुठून करायची हे कळत नाही, अशांसाठी आहे. माझ्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत, एवढाच हेतू.

सुरुवात शब्दांपासून

‘मुका’ आणि ‘बहिरा’ हे शब्द हाक मारायला वापरू नका, हे वेगळं सांगायला नको. ‘मूकबधिर’ मात्र अजून सगळीकडे चिकटून आहे, शाळांच्या पाट्यांवर आणि बातम्यांमध्येसुद्धा. रेल्वेच्या सवलतीच्या नियमातही दोन्ही दोष एकाच व्यक्तीत पूर्णपणे असले पाहिजेत अशी अट आहे. गंमत अशी की बहुतेक कर्णबधिर माणसांचा घसा आणि स्वरयंत्र तुमच्याआमच्यासारखंच धड असतं. आवाज ऐकू येत नाही म्हणून बोलणं घडत नाही, इतकंच. आमच्यातला एक जण हसतो तेव्हा प्रेसच्या आवाजातही कळतं. मराठीत लिहिताना ‘कर्णबधिर’ म्हणा. त्यांच्या मंडळींत ‘डेफ’ हा शब्द सरळ चालतो आणि आपण सगळे ‘हिअरिंग’.

कायद्याची व्याख्याही माहीत असू द्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांनी बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबल किंवा जास्त श्रवणऱ्हास असेल तर ती व्यक्ती बधिर, ६० ते ७० असेल तर ‘ऐकण्यास कठीण’ या गटात. आपलं साधं घरगुती बोलणं साठच्या आसपास असतं. यावरून अंदाज घ्या. आणि कानातलं मशीन म्हणजे चष्मा नव्हे. चष्म्याने अक्षर स्वच्छ होतं. मशीन आवाज मोठा करतं, तो स्पष्ट होईलच असं नाही. सातपूरच्या रस्त्यावरचा हॉर्नही त्यात मोठा होतो. म्हणून ‘मशीन लावलंय ना, मग ऐकू कसं येत नाही?’ हा प्रश्न कधीही विचारू नका.

लक्ष कसं वेधायचं

समोर असेल तर हात हलवा. जवळ असेल तर खांद्यावर हलकेच दोनदा थापा; पाठीत नाही, डोक्यावर तर नाहीच. टेबलाभोवती बसला असाल तर टेबलावर थाप मारा, कंप पोचतो. खोलीत शिरताना दिव्याचं बटण एकदा बंद-चालू करा. लांब असेल तर त्याच्या जवळच्या माणसाला खूण करा, तो पुढे सांगतो. खडू, बोल्ट, कापसाचा बोळा असलं काहीही फेकून मारू नका. आमच्याकडे एक फोरमन नट फेकायचा. त्याला वाटायचं गंमत चालली आहे.

लक्ष वेधलं की नजर मिळू द्या, मगच पुढचं. नवख्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच असते, आणि ती हातांची नाही. आपल्याला इकडे तिकडे बघत बोलायची सवय असते. मोबाइलवर अंगठा फिरवत आपण ‘हं, हं, बोल’ म्हणतो. इथे तसं चालत नाही. समोरचा बोलत असताना तुम्ही मान वळवली, तर तुम्ही कानात बोटं घातल्यासारखं होतं. मराठीत दुर्लक्षाला ‘कानाडोळा’ म्हणतात. या मंडळींपुरता त्यातला डोळाच खरा. सुरुवातीला सलग बघत राहणं फार अवघड जातं, विशेषतः आपल्याकडे बायका-पुरुषांनी एकमेकांकडे असं रोखून बघायची पद्धत नाही म्हणून. पण नजर हातांवर न ठेवता चेहऱ्यावर ठेवा. हात कडेने आपोआप दिसतात. हे जमायला मला दोन-तीन महिने लागले. ते जमेपर्यंत पाठ केलेल्या खुणा काही उपयोगाला आल्या नाहीत.

उजेड तुमच्या तोंडावर हवा. खिडकीकडे पाठ करून उभे राहिलात तर तुम्ही नुसती काळी आकृती.

ओठ वाचण्याचा भ्रम

‘त्यांना ओठांवरचं कळतं, सावकाश बोललं की झालं,’ असं सगळेच सांगतात. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता ‘बाबा’, ‘मामा’, ‘पापा’ म्हणा. तिन्ही एकसारखे. आता ‘काका’ म्हणा. ओठांवर काहीच उमटलं नाही, नुसता जबडा दोनदा उघडला. ‘क’, ‘ख’, ‘ग’ घशाशी होतात, ते बाहेर कुठून दिसणार? म्हणजे अर्ध्या नातेवाइकांचा घोळ इथेच झाला. ओठ वाचणारा माणूस बरंचसं अंदाजाने, आधीच्या बोलण्याच्या धाग्याने जोडत असतो आणि त्यात तो दमतो. त्यातून तुमच्या ओठांवर झुपकेदार मिशी आणि गालात तंबाखूचा बार असेल तर ब्रह्मदेवालाही कळणार नाही. ओरडू नका, ओरडताना चेहरा वेडावाकडा होतो. एकेक अक्षर तोडूनही बोलू नका.

लिहून दाखवणं चालतं, फोनवर टाइप करणं त्याहून सोपं. गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ मराठी बोलणं बऱ्यापैकी लिहून दाखवतं, शांत खोलीत तरी. उत्तर म्हणून ‘उद्या मी गाव जा सुट्टी पाहिजे’ असा मेसेज आला तर हसू नका. लिहिलेली मराठी ही त्याची दुसरी भाषा आहे आणि ती त्याने एकदाही न ऐकता शिकली आहे. ‘ला’, ‘ने’, ‘चा’ हे प्रत्यय आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतो. त्याने ते पुस्तकातून पाठ केले.

ही भाषा नेमकी कशी चालते

भारतीय सांकेतिक भाषा, बोलताना ‘आयएसएल’ किंवा नुसतं ‘साइन’, ही हातांनी बोललेली मराठी नाही आणि हिंदीही नाही. जगभर एकच खुणांची भाषा आहे हाही गैरसमज. अमेरिकेतली वेगळी, ब्रिटनमधली वेगळी. आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतात, ब्रिटिश पद्धतीला जवळची: डाव्या हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या टोकांना उजवी तर्जनी लावत गेलात की ए, ई, आय, ओ, यू. यूट्यूबवर कोणी एकाच हाताने अक्षरं शिकवत असेल तर तो बहुधा अमेरिकन व्हिडिओ आहे, बंद करा. आणि अक्षरं पाठ झाली म्हणजे भाषा आली असंही समजू नका. ती नावापुरती असतात. मी पहिल्या आठवड्यात अख्खी वाक्यं अक्षरं जुळवून दाखवत होतो, आणि आमचे चौघे सौजन्याने ‘संकष्टीचा चंद्र कधी उगवतो’ अशा चेहऱ्याने वाट बघत होते.

वाक्याची बांधणी मराठी माणसाला तशी सोपी जाते, कारण क्रियापद आपल्यासारखंच मागे येतं. काळ आधी सांगायचा. प्रश्नाचा शब्द शेवटी आणि नकारही शेवटी. ‘मी काल सिन्नरला गेलो नाही’ हे साधारण ‘काल – मी – सिन्नर – जाणे – नाही’ असं होतं आणि ‘नाही’बरोबर मान हलते. ‘तुझं नाव काय?’ हे ‘तू – नाव – काय’.

आता चेहरा. भुवया, डोळे, गाल हे सगळं व्याकरण आहे. ‘हो-नाही’चा प्रश्न असेल तर भुवया वर आणि मान थोडी पुढे. हे केलं नाही तर तो प्रश्न राहत नाही, विधान होतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. एका सात तारखेला मी चौघांपैकी एकाला ‘पगार – झाला?’ असं विचारलं, दगडासारख्या चेहऱ्याने. त्याने वाचलं, ‘पगार झाला.’ त्याने बाकी तिघांना सांगितलं, चौघांनी मशीन थांबवून बँकेचे मेसेज बघितले, मग एक जण अकाउंट्सला जाऊन आला. पगार नऊ तारखेला झाला. तोवर मला कॅन्टीनमध्ये भुवया वर करून दाखवायचा कार्यक्रम रोज चालू होता.

खुणा गावोगाव थोड्या बदलतात. १९७०च्या दशकात मदन वसिष्ठ (ते स्वतः कर्णबधिर), जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळूरच्या खुणा ताडून पाहिल्या, तेव्हा साधारण तीन चतुर्थांश शब्द जुळले. तेव्हा तुमच्या मित्राची खूण आणि अ‍ॅपमधली खूण वेगळी निघाली तर वाद घालू नका. मित्राची वापरा. नाशिकची, पंचवटीची, नाशिकरोडची खूणही त्याच्याकडूनच घ्या. कागदावर वर्णन वाचून ती हातात बसत नाही.

शिकायचं कुठे

फुकट आणि भरवशाचं साधन म्हणजे दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश. हे केंद्र २०१५ मध्ये स्थापन झालं. २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरू झालेला कोश २०२१ मध्ये दहा हजारांवर गेला. तो यूट्यूबवर आहे आणि ‘साइन लर्न’ नावाच्या अ‍ॅपमध्येही. पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांपैकी ३१ क्रमांकाची वाहिनी डिसेंबर २०२४ पासून याच भाषेसाठी आहे. रीतसर शिकून दुभाषा व्हायचं असेल तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पंचवटी एक्स्प्रेसने दादर आणि पुढे लोकल. दुभाष्याच्या कामाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला दोन वर्षांचा डिप्लोमा लागतो. दहा रीळं बघून लग्नात ‘इंटरप्रिटर’ म्हणून उभे राहू नका.

माझा क्रम असा: आठवड्याला दहाच खुणा, त्याही माणसाकडून. घरी येऊन अ‍ॅपवर ताडायच्या. अ‍ॅपवरून शिकून माणसावर वापरायला गेलं की हात बरोबर आणि चेहरा मेलेला, अशी गत होते. पहिल्या दहांत ‘पुन्हा सांग’, ‘हळू’ आणि ‘कळलं नाही’ या तीन हव्यातच. न कळता मान डोलावण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो त्यांना लगेच ओळखू येतो, कारण आयुष्यभर हिअरिंग लोकांसमोर त्यांनी तेच केलेलं असतं.

शहरात माई लेले श्रवण विकास विद्यालयासारख्या कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत. तिथे भाषा शिकायला म्हणून वर्गात जाऊन बसू नका, मुलांचा तास मोडतो. शाळेचं स्नेहसंमेलन असेल किंवा २३ सप्टेंबरचा सांकेतिक भाषा दिन असेल तेव्हा जा, मोठी माजी विद्यार्थी मंडळी भेटतात. (तारीख २३ सप्टेंबर का? जागतिक बधिर महासंघ १९५१ मध्ये त्याच दिवशी स्थापन झाला.)

पन्नाशीच्या पुढची काही माणसं तुमच्यासमोर खुणा करायला बिचकतील. त्याला इतिहास आहे. १८८० मध्ये इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणा बंद करून बोलणंच शिकवा असा ठराव झाला. मुंबईतली देशातली पहिली बधिर शाळा १८८५ची, म्हणजे त्याच हवेतली. पुढे शंभर वर्षं अनेक वर्गांमध्ये हात हलवला की छडी. वर्गात बंदी असलेली भाषा मुलांनी वसतिगृहात, मधल्या सुट्टीत एकमेकांकडून उचलली. २०२०च्या शैक्षणिक धोरणात ही भाषा देशभर प्रमाणित करायचं लिहिलं गेलं, पण ज्यांनी छडी खाल्ली त्यांचे हात अजून सावध असतात.

कट्ट्यावर गेल्यावर

मला पहिल्यांदा त्यांच्यात नेलं ते एका रविवारी संध्याकाळी, गोल्फ क्लब मैदानाजवळच्या एका टपरीवर. पंधरा-वीस जण, सगळे गोल करून, आणि गोल नेमका खांबावरच्या दिव्याखाली. जागा चहासाठी निवडली नव्हती, उजेडासाठी निवडली होती.

ओळख करून देताना आपल्याकडे ‘गाव कोणतं, आडनाव काय’ विचारतात. इथे पहिला प्रश्न शाळा कोणती, दुसरा घरात आणखी कोणी डेफ आहे का. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या घरी जन्मतात, त्यामुळे भाषा आईकडून न येता शाळेतल्या सोबत्यांकडून येते. शाळा म्हणजेच त्यांचं गाव. माझं उत्तर ‘शाळा हिअरिंग, घरी कोणी नाही’ असं होतं. मग तिसरा प्रश्न: ‘मग शिकतोस कशाला?’ या प्रश्नाचं खरं उत्तर तयार ठेवा. ‘तुमची सेवा करायची आहे’ असं म्हणालात तर चहा मिळेल, गप्पा मिळणार नाहीत.

बोलणं थेट असतं. ‘जाड झालास’, ‘केस गेले’, ‘पगार किती?’ हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत. राग मानू नका. माहिती कानावर आपोआप पडत नसेल तर ती विचारूनच मिळवावी लागते. आपल्याला कोणाची बदली झाली, कुठे भरती निघाली हे बसमध्ये बसल्या बसल्या कळतं, कानोसा न घेताही. त्यांच्यात ज्याला कळलं त्याने सगळ्यांना सांगायचं, हा धर्मच.

दोघे बोलत असताना मधून जायचं असेल तर सरळ निघून जा. ‘सॉरी, सॉरी’ करत मध्येच थबकलात तर बोलणं तुटतं. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. निघताना अर्धा तास आधी उठा. निरोप घेताना प्रत्येकाशी वेगळं बोलणं होतं आणि त्यातून नवा विषय निघतो. शूटिंग करायचं असेल तर विचारा: हातांचा व्हिडिओ काढणं म्हणजे कोणाचं खासगी बोलणं रेकॉर्ड करणं.

खूण-नाव, म्हणजे तुमच्या नावाऐवजी करायची खास खूण, स्वतःचं स्वतः ठेवायचं नसतं. ते डेफ माणसानेच द्यायचं. मला आठ महिन्यांनी मिळालं: चष्मा बोटाने वर सरकवणे. मला वाटत होतं काहीतरी भारदस्त असेल. तेव्हापासून चष्मा वर करताना दर वेळी मी माझंच नाव घेतो.

आता त्यांच्या घरातली एक गोष्ट. त्यांच्याकडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार नोकरीची किंवा पगाराची नाही. ती ‘नंतर सांगतो’ची आहे. दिवाळीत पंचवीस माणसं जेवायला बसलेली, मामा काहीतरी बोलले, सगळे हसले. याने बहिणीला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, ‘काही नाही, नंतर सांगते.’ ते नंतर कधी येत नाही. वर्षानुवर्षं असं झालं की माणूस ताट घेऊन आतल्या खोलीत जातो आणि घरचे म्हणतात, ‘तो जरा घुमाच आहे.’ तुमच्या घरात असं कोणी असेल तर बाकी सगळ्या पायऱ्या सोडल्यात तरी चालतील, विनोद मात्र लगेच सांगा. मोडक्यातोडक्या खुणांनी, फोनवर टाइप करून, कसाही. विनोद फुसका निघाला तर तोही त्यालाच ठरवू द्या.

दवाखाना, कचेरी आणि कागद

दुभाषा बरोबर असेल तर बोलताना कर्णबधिर व्यक्तीकडे बघा. ‘यांना विचारा कुठे दुखतंय’ असं म्हणू नका. ‘तुम्हाला कुठे दुखतंय?’ असं विचारा. २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने बाजू मांडली. तिथे जमतं तर आपल्या तहसील कचेरीतही जमायला हरकत नाही. दहा वर्षांच्या पोराला आईच्या आजाराचा दुभाषा करू नका. डॉक्टर काय बोलले ते त्या पोराला कळतं आणि आईला काय सांगायचं ते सुचत नाही.

दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज, मग तपासणी. आपल्याकडे बहुतेक जण त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात जातात. श्रवणाची चाचणी होते, लहान मुलांची ‘बेरा’ (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी). चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व निघालं तर सरकारी नोकरीतल्या आरक्षणासारखे लाभ मिळतात. बरोबर गेलात तर एकच काम करा: नंबर पुकारतात तिथे कान लावून बसा. तिथे नंबर फक्त तोंडी पुकारला जातो आणि श्रवणाच्या तपासणीला आलेला माणूस तो ऐकेल अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मी हे दोनदा पाहिलं आहे.

त्यांना फोन लावू नका. मेसेज करा किंवा व्हिडिओ कॉल, आणि व्हिडिओ कॉलवर फोन हातात न धरता कशाला तरी टेकवून ठेवा. एका हाताने बोलणं म्हणजे अर्ध्या तोंडाने बोलणं.

सिंहस्थाच्या आधी

२०२७चा सिंहस्थ आला की रामकुंडावर भोंगे लागतील. हरवले-सापडले, इकडून जा, तिकडून जाऊ नका, सगळं भोंग्यावर. कर्णबधिर मित्राबरोबर जाणार असाल तर चुकामूक झाल्यावर भेटायची जागा आधी ठरवा, फोन चार्ज ठेवा आणि मेसेज जाईल एवढी बॅटरी राखा. स्वयंसेवक असाल तर शिट्टी मारूनही न थांबणाऱ्या माणसाच्या अंगावर धावून जाण्याआधी वळसा घालून त्याच्या समोर या. हात हलवा, भुवया वर करा आणि कुठे जायचंय ते बोटाने विचारा.